जुन्या अलार्मला नवा सेन्सर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरात वीसेक वर्षांपूर्वीचा वायर्ड घरफोडी अलार्म आहे. दारांना मॅग्नेट आणि हॉलमध्ये एक पीआयआर सेन्सर (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारा). तो सेन्सर बंद पडला म्हणून नवा आणून त्याच चार तारांना जोडला. हालचाल झाली की त्याचा लाल दिवा लागतो, पण पॅनेल (अलार्मचा मुख्य डबा) तो झोन (त्या सेन्सरच्या तारांची शाखा) कायम उघडाच दाखवतं. नवा सेन्सर खराब निघाला का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दिवा लागतोय, म्हणजे 12 व्होल्ट नीट पोचताहेत आणि सेन्सर हालचाल टिपतोय. आधी जुना सेन्सर शोधा, टाकून दिला नसेल तर. त्याचं झाकण उघडलंत की एखाद्या स्क्रूखाली बारीकसा रेझिस्टर अडकवलेला दिसण्याची दाट शक्यता आहे. तोच नव्या सेन्सरला लावायचा राहिला आहे.

पॅनेल झोनच्या दोन तारांवर ठरावीक रोध शोधत असतं. तो मिळाला तर सगळं ठीक. तार तुटली किंवा सेन्सरचा संपर्क उघडला, तर रोध अनंत होतो. तारा कुणी एकमेकींना जोडल्या किंवा रेझिस्टरच नसला, तर तो शून्यावर येतो. दोन्ही वेळा पॅनेल झोन उघडा धरतं. म्हणूनच रेझिस्टर तारेच्या शेवटाला, सेन्सरच्या आत बसवायचा. काही कारागीर सोयीसाठी तो पॅनेलच्या डब्यातच लावतात. झोन बरोबर दिसतो, पण मधल्या तारा शॉर्ट झाल्या तर पॅनेलला पत्ताच लागत नाही आणि सेन्सर निकामी होतो.

रेझिस्टर किती ओहमचा हे पॅनेलवर ठरतं. 1 के (म्हणजे हजार ओहम), 2.2 के, 4.7 के, 5.6 के, सगळे प्रकार आढळतात. पुस्तिका हरवली असेल तर पॅनेल उघडून न वापरलेल्या झोनचे स्क्रू पाहा. रिकामा झोन बंद ठेवण्यासाठी तिथे तोच रेझिस्टर लावलेला असतो. 2.2 केवर लाल-लाल-लाल पट्टे, 5.6 केवर हिरवा-निळा-लाल. तिथेही नसेल, तर चालू असलेल्या दाराच्या झोनच्या दोन्ही तारा सोडवा आणि दार बंद ठेवून मल्टिमीटरने त्यांच्यातला रोध मोजा.

डबा उघडण्यापूर्वी 230 व्होल्टचा पुरवठा बंद करा, मग बॅटरीची लाल तार काढा. फक्त मेन बंद केलात तर पॅनेल बॅटरीवर चालूच राहतं आणि सायरन वाजतो. आता सेन्सरमध्ये: दोन तारा अधिक-उणे 12 व्होल्टला. तिसरी तार एनसीच्या (एरवी बंद राहणाऱ्या संपर्काच्या) एका स्क्रूला. एनसीच्या दुसऱ्या स्क्रूला रेझिस्टरचं एक टोक, आणि दुसरं टोक चौथ्या तारेला. हा जोड मोकळ्या स्क्रूवर घ्या. बऱ्याच सेन्सरांत त्यासाठी एक जादा स्क्रू असतो. तो नसेल तर सोल्डर करून वर स्लीव्ह चढवा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नका, दोन पावसाळ्यांत तो जोड गंजतो. तारांच्या रंगावरही विसंबू नका. अधिक-उणे मीटरनेच ठरवा.

तपासताना सेन्सरला वीज चालू हवी. एनसीचा रिले (विजेवर चालणारा स्विच) वीज असतानाच बंद राहतो. वीज काढून मोजलंत तर चांगला सेन्सरही उघडाच दिसेल, आणि नेमक्या या चुकीपायी चांगले सेन्सर दुकानात परत जातात. वीज दिल्यावर दोन मिनिटं थांबा, झोनच्या तारा पॅनेलमधून सोडवा आणि खोलीत कुणी नसताना त्यांवर मोजा. रेझिस्टरची किंमत अधिक तारेचे काही ओहम दिसले पाहिजेत. कुणी चालत गेलं की क्षणभर रोध अनंत.

प्रश्न : त्याच झोनवर जिन्यापाशी आणखी एक सेन्सर लावता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : येईल. वीज दोघांना समांतर, संपर्क एकसरीत, आणि रेझिस्टर एकच, शेवटच्या सेन्सरमध्ये. संपर्क समांतर जोडलेत तर दोन्ही सेन्सर एकदम उघडेपर्यंत अलार्म होणारच नाही. हॉलमधून चोर गेला तरी जिन्याचा सेन्सर झोन बंद धरून ठेवतो. एक सेन्सर साधारण 10 ते 20 मिलिअँपिअर घेतो, तेवढ्याने पॅनेलवर ताण येत नाही. पण अलार्म कुठून आला हे झोनवरून कळणार नाही. पॅनेलमध्ये झोन रिकामा असेल तर जिन्यासाठी वेगळी चार तारांची केबल टाकाच.

प्रश्न : लाइट गेली की तास-दीड तासाने अलार्म वाजतो. शिवाय उन्हाळ्यात रात्री उगाचच वाजतो. (एक वाचक, अकोला)

उत्तर : पहिल्याचं कारण बहुतेक बॅटरी. दमलेल्या 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवर बॅटरीचा दाब लाइट गेल्यावर झपाट्याने उतरतो. सेन्सरला लागणाऱ्या किमान दाबाखाली तो गेला की रिले सुटतो, आणि पॅनेलला ती घुसखोरी वाटते. मेन बंद करून अर्ध्या तासाने बॅटरीवर मोजा. 12 व्होल्टखाली असेल तर बदला. उष्ण गावांत या बॅटऱ्या तीन-चार वर्षांपलीकडे भरवशाच्या राहत नाहीत.

रात्रीच्या अलार्मसाठी सेन्सरची पाठ पाहा. केबलच्या भोकातून मुंग्या आणि कोळी आत शिरतात, पाइपातून गरम हवाही येते. ते भोक सिलिकॉनने बुजवा. आतल्या चकाकत्या संवेदकाला बोट लावू नका. भिंगावरून पाल गेली तरी अलार्म होतो. देवघरातला दिवा आणि पंख्याने हलणारा पडदा सेन्सरच्या समोर नको. पल्स काउंटचा (किती वेळा हालचाल टिपल्यावर अलार्म द्यायचा ते ठरवणारा) जंपर, म्हणजे छोटी पिन-टोपी, एकवरून दोनवर न्या, बरेच खोटे अलार्म थांबतात. मात्र मे महिन्यात खोलीचं तापमान अंगाच्या तापमानाजवळ जातं, तेव्हा सेन्सरची नजर मुळातच मंद होते. त्या दिवसांत काउंट तीनवर नेऊ नका, आणि दोनवर ठेवल्यावर खोलीत आडवं चालून तो पकडतो की नाही हे पाहा.