बटण लावायला शिकवणं हा काय उपचार झाला?

मी समुपदेशक. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून दिला जाणारा उपचार, शिकणारी मुलं माझ्याकडे येतात ती झोप लागत नाही म्हणून, परीक्षेची धास्ती वाटते म्हणून. दोन-तीन भेटी झाल्या की बहुतेकांच्या तोंडून एकच प्रश्न बाहेर पडतो, "आम्ही करतो त्यात विशेष ते काय?" इतक्यांदा ऐकलाय तो, की एका मुलीची हकीगत सांगावीशी वाटते. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती तिसऱ्या वर्षाला होती, मार्क उत्तम. "मॅडम, आत्या विचारते, म्हणजे फिजिओच ना? मी नाही म्हणते आणि पुढे अडखळते. मैत्रिणी ऑपरेशनं बघतात, मी पेशंटला बटण लावायला शिकवते. त्याला एवढी वर्षं लागतात?"

मी समजूत घातली नाही. तिच्या अंगात ॲप्रन होता. म्हटलं, "बटणं काढ. आता उजवा हात मांडीवर ठेव आणि एका डाव्या हातानं लाव."

तिनं वरून सुरुवात केली. बटण धरलं की काज निसटायचं, काज धरलं की बटण. कपाळावर घाम आला. मग ती थांबली आणि सगळ्यात खालच्या बटणाकडे वळली. तिथे दिसतं, दोन्ही कडाही जुळतात. "हे माझ्या वहीत आहे," ती हळूच म्हणाली. "पाठ केलं होतं मी."

पुढच्या वेळी तिनं पक्षाघात झालेल्या एका आजोबांचा विषय काढला. "पेगबोर्डवर, म्हणजे भोकांच्या फळीवर, चार खुंट्या लावतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. त्यांना इच्छाच नाही."

"आजारी पडण्याआधी त्या हातानं ते काय करायचे?"

पकड किती, मनगट किती वळतं, सगळं तिनं मोजलेलं होतं. हे मात्र विचारलंच नव्हतं.

आठवड्यानं ती आली ती बॅग खांद्यावरून न उतरवताच बोलायला लागली. "मॅडम, रात्री घराला कुलूप तेच लावायचे. इतकी वर्षं! आता मुलगा लावतो. म्हणाले, दार लागलंय की नाही याची खात्रीच वाटत नाही, झोप येत नाही." तिनं वॉर्डात एक कुलूप नेलं. चावीचं डोकं बोटांत ठरेना, म्हणून त्यावर फोम गुंडाळून ते जाड केलं. अंगठा आणि तर्जनीच्या कडेत चावी धरायची, कोपराखालचा हात फिरवायचा. खुंट्यांसारखंच इथेही बोटांच्या पकडीचंच काम होतं. "आज अर्धा तास त्यांनी कुलूप खाली ठेवलं नाही," हे सांगताना तिचा आवाज भरून आला. मीही गप्प राहिले. अशा क्षणी समुपदेशकानं बोलू नये, असं माझं ठाम मत आहे.

ऑक्युपेशनल थेरपीचे अभ्यासक गॅरी किलहॉफनर यांनी १९८० साली मांडलेली चौकट तिला तोंडपाठ होती: माणसाची इच्छा, सवयी आणि भूमिका, क्षमता, शिवाय भोवतालची परिस्थिती. तिनं आजोबांची क्षमता तेवढी तपासली होती. घर बंद करणारा माणूस ही त्यांची भूमिका गेली होती, आणि ती कुठल्याही तक्त्यात दिसत नव्हती. मी स्वतः याच क्षेत्रातल्या मेरी रायली यांच्या पंथातली. मन आणि इच्छा हातांत उतरली की माणूस स्वतःच्या प्रकृतीवर परिणाम घडवू शकतो, हे त्यांनी १९६१ साली मांडलं. इतक्या वर्षांच्या कामात मला ते खोटं ठरलेलं दिसलं नाही.

ऑक्युपेशनल थेरपीसाठीचा आपल्याकडचा 'व्यवसायोपचार' हा शब्द मुलांना अवघडून टाकतो, कारण ऐकणाऱ्याला धंदा-नोकरी आठवते. पण व्यवसाय या शब्दाचा जुना अर्थ निश्चय, मनावर घेऊन केलेला उद्योग. मी मुलांना सांगते, हा अर्थ धरून ठेवा. पेशंटच्या हाताचं माप घेण्याआधी तो हात कशासाठी हवाय ते विचारा. आणि नातेवाइकांना व्याख्या सांगू नका, एका पेशंटची गोष्ट सांगा.

तिनं आत्याला कुलपाचीच गोष्ट सांगितली. शेवटच्या भेटीत मला म्हणाली, "कुलूप परत मागायचं होतं, पण आजोबा देत नाहीत. रोज रात्री पलंगाशेजारच्या कपाटाला लावतात आणि चावी उशाखाली ठेवतात."