पहिल्यांदा जुन्या बाटल्या जमिनीतून खणून काढायला निघालास?
इंग्लंडात आहेस, तर व्हिक्टोरियन काळातले राखेचे जुने उकिरडे शोध. कोळशाची राख आणि चिनीमातीचे तुकडे दिसले की जागा बरोबर. पण आधी जमीनमालकाची परवानगी, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. खड्ड्याच्या भिंतीत आडवं बीळ कधीच पाडू नकोस. राख भुसभुशीत, क्षणात अंगावर येते.

बाटलीवरची साच्याची रेघ बघ. ती ओठावरून पार गेली असेल तर माल यंत्रावरचा, बहुधा १९०३ नंतरचा. आपली गोटी सोड्याची बाटलीही मूळ तिकडचीच, हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याची, १८७० च्या दशकातली. पोरं गोटीसाठी फोडायची, म्हणून अख्खी सापडली तर नाचशील! फक्त थंडीत काढलेली बाटली लगेच गरम पाण्यात घालू नकोस. माझ्या दोन अशाच तडकल्या.