सून माती खातीय, खाऊ द्यायची का?

प्रश्न : डॉक्टरताई नमस्कार, आम्ही तासगाव तालुक्यातले. सुनेला पाचवा महिना लागलाय आणि ती भाजकी माती खातीय, आधी चोरून खायची आता माझ्यासमोर पण खाती, माती नसली तर पाटीवरची पेन्सिल. मी ओरडले की जाऊबाई म्हणतात डोहाळे आहेत, अडवलं तर बाळाचे कान फुटतात. मुलगा मोबाईलवर दाखवतो की आफ्रिकेत बायका बाजारातनं माती विकत आणून खातात. खरं काय धरायचं?

उत्तर : काकू, आधी ओरडणं बंद करा, नाहीतर ती परत लपून खाईल आणि किती खातीय ते तुम्हाला कळणारच नाही. आणि कानाचं काही खरं नाही हो, डोहाळे पुरवले नाहीत म्हणून कुठल्या बाळाचे कान फुटत नाहीत.

मुलगा दाखवतो ते मात्र खरंय. नायजेरिया, घाना, केनियात गरोदर बायकांसाठी मातीचे खडे बाजारात मिळतात, अमेरिकेत जॉर्जियातली पांढरी माती पिशवीतनं विकतात. तसली पांढरी माती पूर्वी जुलाबाच्या औषधात पण असायची, त्यामुळं मळमळ कमी होते म्हणणाऱ्या बायका अगदीच खोटं बोलत नसतील. पण पश्चिम आफ्रिकेतल्या त्याच खड्यांत शिसं सापडलं म्हणून ब्रिटन-कॅनडाच्या सरकारी खात्यांनी गरोदर बायकांना ते खाऊ नका असं सांगितलंय, हे त्या व्हिडिओत नसणार. शिसं वारेतनं बाळापर्यंत जातं, मेंदूला बाधतं. माती भाजली की जंतांची अंडी मरतात, शिसं नाही जात. त्यात आपल्याकडं द्राक्षबागा, मोरचुदाचे फवारे, त्या रानातली माती तर अजिबात नको.

आता मुख्य गोष्ट. माती खावीशी वाटणं आणि अंगात रक्त कमी असणं हे बऱ्याचदा जोडीनं येतं. चरकसंहितेत पण माती खाण्यानं होणारा पांडुरोग, म्हणजे रक्त कमी होऊन अंग फिकं पडण्याचा आजार, वेगळा सांगितलाय. गंमत म्हणजे माती पोटातलं लोह धरून ठेवते, म्हणजे रक्त कमी म्हणून माती खायची आणि माती खाल्ली म्हणून रक्त अजून कमी. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन हिमोग्लोबिन बघून घ्या, गरोदरपणात 11 च्या खाली म्हणजे कमी. लोहाच्या गोळ्या आशाताईंनी दिल्या असतीलच, 180 दिवसांचा कोर्स असतो, पण त्या फडताळात पडून आहेत का पोटात जातायत ते बघा, चहाबरोबर तर देऊच नका, लिंबूपाणी चालेल, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शी काळी होते, घाबरू नका. जंताची गोळी झालीय का तेही विचारा, ती पहिले तीन महिने झाल्यावर देतात. लोह लागू पडलं की बऱ्याच जणींची मातीची ओढ आपोआप कमी होते, बोलणी खायची वेळच येत नाही.

तोपर्यंत तोंड चाळवायला फुटाणे, आवळा सुपारी काहीही जवळ ठेवा. पोट फुगलं, उलट्या थांबेनात, शी अडकली तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात जा आणि माती खाते हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, सुना लाजंनं सांगत नाहीत.