ताई घरी आली तरी मन दिल्लीतच

प्रश्न : माझी ताई दिल्लीत अफगाण निर्वासित कुटुंबांसोबत काम करते. दिवाळीला कोल्हापूरला आलीय पण मोबाईल उशाशी, रात्री दोनलाही फोन आला की उठून गॅलरीत जाते. काय करू?

उत्तर : अहो, रोज दुसऱ्याचं दुःख ऐकणाऱ्यालाही थकवा येतो आणि तो खरा असतो. सल्ले देऊ नका, चहा घेऊन नुसतं शेजारी बसा. रात्रीचे फोन सगळ्यांनी आळीपाळीनं घ्यायचे हे तिनं ऑफिसात मागायलाच हवं, आणि झोप अशीच उडत राहिली तर समुपदेशकाकडे न्याच. एकदा तिला कोल्हापूरजवळच्या वळिवडे-गांधीनगरला घेऊन जा, तिथल्या कॅम्पात १९४३ ते १९४८ सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, जास्त करून बायका-पोरं, राहिलेत, मग फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. तिथल्या कापडबाजारात फिरता फिरता ती कदाचित स्वतःच बोलायला लागेल.