क्लेप्सिड्रा म्हणजे घटिकापात्र का?

प्राचीन ग्रीक न्यायालयात वक्त्याची वेळ पाण्यानं मोजणाऱ्या ‘क्लेप्सिड्रा’ या पात्रासाठी भाषांतरात ‘घटिकापात्र’ चालेल का, असा प्रश्न आहे.

चालू नये. वेळ दोन्ही पाण्यानंच मोजतात, पण काम अगदी उलटं. घटिकापात्र पाण्यावर तरंगतं, बुडाच्या बारीक भोकातून पाणी आत शिरतं, भरलं की ते बुडतं. म्हणून तर आपण ‘घटका भरली’ म्हणतो. क्लेप्सिड्रा आधीच भरून ठेवायची आणि तळाजवळच्या नळीतून पाणी सोडायचं. ती रिकामी झाली की वेळ संपली.

शब्दाची फोड ‘चोरणे’ आणि ‘पाणी’ अशी. त्यातलं ‘हुडोर’ म्हणजे पाणी, आपल्या ‘उदका’चं सख्खं भावंड! हा ‘पाणीचोर’ मुळात घड्याळ नव्हताच. बुडाला चाळणीसारखी भोकं आणि वर अरुंद तोंड असलेलं ते एक भांडं. द्रवात बुडवायचं, तोंड अंगठ्यानं दाबायचं, उचलायचं. अंगठा काढेपर्यंत द्रव आतच राहतो. न्यायालयातल्या पात्राला हे नाव पुढे लागलं.

अथेन्सच्या अगोरात, म्हणजे मुख्य चौकात, इ.स.पू. ५व्या शतकाच्या अखेरचं असं एक मातीचं पात्र सापडलं. त्यावर दोन ‘खूस’ (द्रव मोजायचं ग्रीक माप) अशी खूण आहे. पाणी मावतं सुमारे ६.४ लिटर, आणि ते साधारण ६ मिनिटांत, म्हणजे आपल्या १५ पळांत, वाहून जातं. नळी कांस्याची. काठाजवळ एक भोक ठेवलंय, जास्तीचं पाणी तिथून निघून जातं आणि प्रत्येकाला सारखंच माप मिळतं. भाषणात साक्ष किंवा कायदा वाचायचा असला की पाणी थांबवत.

पाणी उतरतं तसा दाब घटतो, धार मंदावते. सरळ भिंतींच्या भांड्यात वरचं अर्धं पाणी एकूण वेळेच्या जेमतेम २९ टक्क्यांत जातं, त्यामुळे आत समान अंतरावर रेघा मारून उपयोग नाही. न्यायालयाला फक्त शेवट कळायला हवा होता, म्हणून तिथे हे खपलं. इ.स.पू. ३ऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिअस या संशोधकानं पुरवठ्याच्या टाकीतली पातळी कायम राखली आणि एकसारख्या धारेनं दुसरं पात्र भरू दिलं. त्यालाही घटिकापात्र म्हणता येत नाही, कारण तिथे पात्र बुडत नाही, त्यातल्या पाण्यावरचा तरंगा वर चढतो.

म्हणून सर्वसाधारण अर्थी ‘जलघड्याळ’ लिहावं, न्यायालयातल्या पात्राला ‘क्लेप्सिड्रा’च. वक्ता ‘माझ्या पाण्यात’ म्हणाला तर ‘माझ्या वेळात’ असं सपाट करू नये. ‘पाणी संपलं’च्या जागी ‘घटका भरली’ तर नकोच, मराठीत त्यानं माणूस मरणाला टेकल्याचा अर्थ होईल.