टॉम बोलत नाही, तेच बरं

मी वाचा-उपचार (स्पीच थेरपी) करते, कार्टूनची समीक्षा नाही. तरी ‘जुनी कार्टून मुलांना चांगली असतात ना?’ हे दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच, आणि बहुतेक वेळा त्याच्या पोटात दुसराच प्रश्न असतो. म्हणून काही पत्रांना इथे एकदमच उत्तरं देते.

प्रश्न : आम्ही ‘टॉम अँड जेरी’ बघत वाढलो. आताची कार्टून बघवत नाहीत. चार वर्षांच्या मुलाला जुनी दाखवली तर चालेल ना? (पुणे)

चालेल, तुम्ही शेजारी बसणार असाल तर. पण जुनं म्हणजे सोनंच, असं धरून चालू नका. हॅना आणि बार्बेरा यांनी ही जोडी १९४० साली आणली ती थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायला, बालवाडीसाठी नव्हे. काही भागांत कृष्णवर्णीयांची थट्टा आहे, ती आज बघवत नाही. तेव्हा आधी एकट्याने बघून घ्या.

मला ती आवडतात याचं कारण वेगळं आहे. गोष्ट सात-आठ मिनिटांत संपते आणि कुणी फारसं बोलत नाही. धावपळ, भीती, चोरपावलं, सगळं स्कॉट ब्रॅडली यांचं संगीत सांगतं. १९४७चं ‘द कॅट कॉन्सर्टो’ लावून बघा. टॉम ऐटीत पियानोवर लिस्ट या संगीतकाराची रचना वाजवतो आणि आत जेरी झोपलेला असतो. (ऑस्कर मिळालंय त्याला.) मध्येच थांबवा. ‘जेरी का चिडला? आता काय करेल?’ टॉम गप्प आहे म्हणून बोलायची पाळी तुमच्या मुलाची येते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांसोबत मी हेच करते. हल्लीच्या कित्येक व्हिडिओंत कुणीतरी सतत किंचाळत असतं. तिथे मुलाने तोंड उघडायचं कधी?

प्रश्न : कार्टूनमधली मारामारी बघून मुलगा बहिणीला उशीने बडवतो. (सोलापूर)

चित्रातल्या मांजराला लागत नाही, ताईला लागतं, हे लहान वयात दहादा सांगावं लागतं. सांगा. टीव्ही बंद असतानाही रोज मारत असेल, तर बालमानसतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : सात महिन्यांचं बाळ कार्टून लावल्याशिवाय खातच नाही. (लातूर)

बंद करा. बाळ खात का नाही, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा आहे. ‘आई’, ‘बाबा’ आणि चार-पाच शब्द एवढंच बोलतो, पण कार्टूनमधली इंग्रजी गाणी अख्खी म्हणतो. सासूबाई म्हणतात, त्याचे बाबाही उशिराच बोलले. भाषाविकासाचं एक ॲप वर्षभरासाठी घेतलं आहे. अजून सहा महिने वाट बघावी का? (नाशिक)

नाही. एक महिनासुद्धा नाही. बाबा उशिरा बोलले असतील. त्यांच्यासारखाच उशीर झालेली जी मुलं पुढेही मागेच राहिली, त्यांच्या गोष्टी घरात कुणी सांगत नाही, एवढाच फरक.

दोन वर्षांच्या मुलाने ‘बाबा ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडून बोलायला हवं. गाणं म्हणणं आणि बोलणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तहान लागल्यावर तो काय करतो? शब्दाने न मागता तुमचा हात धरून माठाकडे नेत असेल, तर ती अख्खी इंग्रजी गाणी मला दिलासा देत नाहीत, उलट काळजीच वाढवतात.

आता ॲपबद्दल. संशोधक पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी भाषा बोलणारी माणसं समोर बसून खेळली. त्या बाळांना चिनी ध्वनींतले फरक ओळखू यायला लागले. तेच बोलणं ज्यांना पडद्यावर दाखवलं, त्यांना काही आलं नाही. बाळांसाठीच्या ‘बेबी आइनस्टाइन’ डीव्हीडी पडद्यावरून बाळ शिकेल अशाच आशेवर खपल्या, २००९ मध्ये डिस्नेने त्या परत घेऊन पैसे द्यायची तयारी दाखवली. धंदा काही थांबला नाही, फक्त डीव्हीडीचं ॲप झालं. ‘शैक्षणिक’ हा शब्द छापायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणखी एक. ‘मोबाइलमुळे ऑटिझम (स्वमग्नता) होतो’ असं व्हॉट्सॲपवर फिरतं. तसं सिद्ध झालेलं नाही. पण मोबाइल काढून घेतला की आपोआप बोलेल, या भरवशावर लोक तपासणी वर्षभर लांबवतात, त्याचा मला खरा संताप येतो. क्रम असा ठेवा : आधी श्रवणचाचणी, मग बालविकासतज्ज्ञ किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ. ‘टीव्हीच्या आवाजाकडे वळून बघतो, म्हणजे कान ठीक आहेत’ असं तुम्ही म्हणाल. नाही. काही ध्वनी ऐकू येतात, काही येत नाहीत, असंही असतं. दरम्यान पडदा दिवसाला तासाच्या आत. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी हेच सांगते.

प्रश्न : मुलीचं मराठी टिकावं म्हणून मराठीत डब केलेली कार्टून लावतो. उपयोग होईल? (टोरांटो)

समजायला होईल, बोलायला फारसा नाही. आजीला व्हिडिओ कॉल लावा. आजी ‘काय जेवलीस?’ विचारून उत्तराची वाट बघते.

प्रश्न : आपल्याकडचं जुनं काही सुचवाल का? (कोल्हापूर)

‘एक अनेक और एकता’. १९७४ची फिल्म. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, ॲनिमेशन भीमसेन यांचं, संगीत वसंत देसाई यांचं. हिंदी आहे, पण ‘अनेक म्हणजे काय?’ हे त्यात लहान भाऊ ताईला विचारतो आणि ताई चिमण्या, फुलपाखरं दाखवत समजावते. बघून झाल्यावर डाळीचे दाणे घेऊन तोच खेळ घरी खेळा. तसाही खरा उपयोग त्या दाण्यांचाच.

प्रश्न : पाच वर्षांची मुलगी आवाज मोठा करून, टीव्हीला नाक लावून बघते. डोळे तपासावेत का? (चिपळूण)

तपासा. पण त्याआधी कान. सर्दी वारंवार होत असेल तर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं असू शकतं. याच आठवड्यात कान-नाक-घसातज्ज्ञांना दाखवा. घरी तेल घालू नका.