पाण्यात उतरायच्या आधी घरी सांग

बाळ,

काल संध्याकाळी तुझी आई आली होती. मंडईतनं जाता जाता वर आली, पिशवी दारातच ठेवली आणि बसायच्या आधीच म्हणाली, मॅडम, पोरीनं चहा सोडलाय, ॲसिडिटी होती म्हणती, पण गेल्या खेपेला आली तेव्हा मिसळ खाल्ली की कट मागून घेऊन घेऊन, मग ही ॲसिडिटी चहालाच कशी काय होती, कुणाला दाखवूया का. मी तिच्यापुढं कप ठेवला आणि गप्प बसले. तू मॉर्मन या ख्रिस्ती पंथात बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यात उतरून दीक्षा, घेणार असं सांगणारा तुझा तो लांबलचक मेसेज येऊन आठ दिवस झाले होते, मला सगळं माहीत होतं आणि तिला काहीच नाही. ती गेल्यावर रात्री झोप लागली नाही म्हणून आज सकाळची बॅच सुटल्यावर लिहायला बसले. फोनवर तू घाईनं बोलतेस आणि मी मधेच तोडते, त्यापेक्षा हे बरं.

आधी एक सांगते, मी तुझ्यावर चिडलेले नाही. तुला वाटलं असणार मॅडम मंगळवार-शुक्रवार अंबाबाईला जाणाऱ्या, त्या आता लेक्चर देणार. तू तेवीस वर्षांची आहेस, स्वतःच्या पगारावर राहतेस, आणि श्रद्धा ही गोष्ट दुसऱ्यानं ठरवून द्यायची नसते असं मी मनापासून मानते. घटनेच्या पंचविसाव्या कलमात ते लिहिलंय पण त्याच्याही आधी आपल्या गावात ते होतं, दसरा चौकात उभी राहा, मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग सगळं आसपासच दिसतं, शाहू महाराजांनी प्रत्येक समाजाच्या पोरांना शिकायला जागा करून दिली. आणि ख्रिस्ती लोक आपल्याला नवे नाहीत. अमेरिकेहून वाइल्डरसाहेब १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचं चर्च आजही आहे. गंमत बघ, त्याच १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा एक मॉर्मन मिशनरी मुंबईत उतरला होता, पुण्यातही राहिला. म्हणजे तू ज्या वाटेनं निघालीस ती मराठी मुलखाला अगदीच अनोळखी नाही, फक्त त्या वाटेनं फार लोक गेले नाहीत.

तू पाठवलेलं ते निळं पुस्तक, बुक ऑफ मॉर्मन, मी वाचलं. सगळं नाही, पण निम्म्याच्या वर वाचलं, पेन्सिल घेऊन, जशी तुमच्या वह्या तपासायचे तशी. त्यात आल्मा नावाच्या भागात विश्वासाला बियाची उपमा दिलीय, मनात पेर, फुगतंय का, उगवतंय का बघ, उगवलं तर बी चांगलं आहे असं समज. मला ती जागा आवडली. पण तू गावाकडं ऊस बघितलायस. कांडी लावली की तीन-चार आठवड्यांत कोंब वर येतो, हिरवंगार दिसतं, सगळ्यांना बरं वाटतं, पण साखर भरायला आडसाली उसाला सोळा-अठरा महिने जातात आणि मधे पावसाळा, हुमणी, पाण्याची पाळी चुकणं सगळं यायचं असतं. तुझी त्या मिशनरी मुलींशी ओळख होऊन किती दिवस झाले, अडीच महिने. आणि बाप्तिस्म्याची तारीख ठरली पण. ती तारीख तू ठरवलीस की त्यांनी विचारलं आणि तू हो म्हणालीस? हे मी आरोप म्हणून विचारत नाही, मिशनरी लवकर तारीख विचारतात ही त्यांची पद्धतच आहे, त्यात लपवाछपवी नाही. पण पद्धत त्यांची आहे, आयुष्य तुझं आहे. बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात धर्म सोडणार असं जाहीर केलं आणि नागपुरात दीक्षा घेतली १९५६ ला, मधली एकवीस वर्षं वाचत, विचारत, ताडून बघत होते. त्यांच्या पाठीवर लाखो लोकांचा भार होता, तुझं तसं नाही, तुला एकवीस वर्षं थांब म्हणत नाही. एक दिवाळी जाऊ दे एवढंच म्हणते.

डेंग्यूत तू पीजीवर एकटी पडलीस तेव्हा त्या दोघी मिशनरी सिस्टर रोज भात आणि सूप घेऊन आल्या, प्लेटलेट्सचे रिपोर्ट आणायला गेल्या, रविवारी चर्चमधल्या एका बाईनं तुला घरी ठेवून घेतलं, हे तू लिहिलंस ते वाचून मला भरून आलं. त्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. त्या पोरी पण तुझ्याच वयाच्या, स्वतःचा किंवा घरच्यांचा पैसा घालून १८ महिने परक्या गावात राहतात, मुलगे २४ महिने, पगार नाही काही नाही. पण रात्री एकटी असशील तेव्हा हे दोन प्रश्न वेगवेगळे विचार. ही माणसं मला आवडली का. आणि हे सांगतात ते मला खरं वाटतं का. पहिल्याचं उत्तर हो आहे हे मला तुझ्या मेसेजवरूनच कळलं. दुसऱ्याबद्दल तू फक्त दोन ओळी लिहिल्यास, प्रार्थना केल्यावर छातीत ऊब आली म्हणून. ऊब खोटी असं मी म्हणणार नाही, मला गाभाऱ्यात गेल्यावर जे होतं ते मी कुणाला सिद्ध करून दाखवू शकत नाही. पण अजून दोन वर्षांनी त्या मुली घरी गेलेल्या असतील, चर्चमधली ती बाई दुसरीकडं बदलून गेली असेल, तेव्हा तू रविवारी सकाळी उठून जाशील का, ते बघ.

आणि सगळं वाच. त्यांच्या विरोधातलं नको, त्यांचंच वाच. चर्चनं स्वतः २०१३ पासून काही लेख प्रसिद्ध केलेत, त्यात पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथनं अनेक बायका केल्या होत्या, त्यातली एक तर पंधरा पूर्ण व्हायच्या आत होती, हे त्यांनीच मान्य केलंय. बहुपत्नीत्व १८९० ला बंद जाहीर झालं. काळ्या माणसांना पुरोहितपद द्यायचं नाही हा नियम १९७८ पर्यंत होता. बुक ऑफ मॉर्मन ज्या सोन्याच्या पत्र्यांवरून आलं म्हणतात त्यांचं भाषांतर कसं झालं, टोपीत दगड ठेवून, तेही त्यात आहे. हे वाचून तुझा विश्वास मोडेल असं नाही, हे सगळं माहीत असूनही मनापासून मानणारे लाखो लोक आहेत. पण हे तुला आत्ता कळलं पाहिजे, बाप्तिस्मा झाल्यावर तीन वर्षांनी रात्री दोन वाजता मोबाईलवर नको, तेव्हा फसवल्यासारखं वाटतं आणि मग माणूस चांगल्या गोष्टींवरचाही विश्वास घालवून बसतं.

व्यवहाराचं थोडं. दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग. तुझा पगार ३२ हजार, म्हणजे ३,२०० दर महिन्याला, वर उपवासाच्या रविवारचं दान. एज्युकेशन लोनचा हप्ता आणि घरी पाठवतेस ते धरून कागदावर मांड, तुला मी हेच शिकवलं ना, आधी मांडायचं मग बोलायचं. चहा-कॉफी, दारू, तंबाखू बंद, ते १८३३ पासूनचं आहे, त्यातलं चहा सोडून बाकी तुझं आधीच बंद आहे. तांबडा-पांढरा रस्सा चालतो, मटण बेताबेतानं खा म्हणतात. गावाकडच्या जमिनीचं म्हणशील तर धर्म बदलला म्हणून तुझा हक्क जात नाही, पण त्यानंतर होणाऱ्या तुझ्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या वारशात अडचण येते, हिंदू वारसा कायद्याच्या सव्विसाव्या कलमात आहे, एकदा नीट वकिलाला विचारून घे.

लग्नाचं मात्र सावकाश वाच. त्यांचं खरं लग्न टेंपलमध्ये, म्हणजे रविवारच्या चर्चहून वेगळ्या मंदिरात लागतं, ते जन्मोजन्मीच्याही पलीकडचं, कायमचं समजतात, आणि टेंपलमध्ये परवाना असलेले सभासदच आत जातात. बंगळुरूत टेंपल बांधायचं २०१८ मध्ये जाहीर झालंय. म्हणजे तुझं लग्न तिथं लागलं तर तुझी आई बाहेर बसेल. जिनं तू बारावीत असल्यापासून शालूसाठी भिशी लावलीय ती बाई अक्षता हातात घेऊन बाहेर बसेल. हे त्या मुलींनी तुला सांगितलं का मला माहीत नाही. याला वाट आहे, आधी सगळ्यांसमोर कायदेशीर लग्न करून मग टेंपलमध्ये जाता येतं, पूर्वी कितीतरी देशांत त्यासाठी वर्षभर थांबायला लावायचे, २०१९ पासून थांबावं लागत नाही. ती वाट तू धरशील हे आईला आधीच सांग, तिच्यासाठी बाकी सगळ्या धर्मशास्त्रापेक्षा तेवढंच मोठं आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. माझ्या दादाबद्दल मी क्लासमध्ये कधी बोलले नाही. आमच्या आप्पांचं शाहूपुरीत गुळाचं दुकान होतं. दादा पुण्याला नोकरीला होता, तिथं त्यानं बाप्तिस्मा घेतला, वेगळ्या चर्चमध्ये, तुझ्या नव्हे. घरी सांगितलं नाही. दिवाळीला यायचा, लक्ष्मीपूजनाला मागं उभा राहायचा, डोकं दुखतंय म्हणून आरतीला बाहेर जायचा. दीड वर्ष असं चाललं. मग एका सकाळी पुण्याचा एक व्यापारी दुकानात आला आणि बोलता बोलता म्हणाला, तुमचा मुलगा आमच्या शेजारच्या चर्चला असतो की, चांगला मुलगा आहे. मी तेव्हा कॉलेजला जाता जाता डबा द्यायला गेले होते, काट्याशेजारी उभी होते. आप्पांच्या हातात गुळाचा रवा होता. त्यांनी तो काट्यावर ठेवला, वजन बघितलं, वहीत लिहिलं, त्या माणसाला सुटे पैसे मोजून परत दिले, राम राम केला. तो गेल्यावर साडेदहा वाजता शटर खाली ओढलं. पुढं दोन दिवस उघडलं नाही. आईला एवढंच म्हणाले, माझ्या पोराची गोष्ट मला गिऱ्हाईक सांगतंय.

त्यांना धर्माचा त्रास झाला नाही असं नाही, झाला. पण तो एक-दोन वर्षांत निवला, येशूचं चित्र दादाच्या घरी भिंतीवर बघून ते जेवून पण आले. त्या दीड वर्षाचं मात्र शेवटपर्यंत गेलं नाही, दादाच्या कुठल्याही बोलण्यावर आधी एकदा त्याच्या तोंडाकडं बघायचे, खरं सांगतोय का म्हणून. दादा आज सत्तरीला आलाय, बाप्तिस्म्याचा त्याला कधी पश्चात्ताप झाला नाही, मी विचारलंय. त्या दिवाळीच्या आरत्यांचा होतो.

नारायण वामन टिळकांनी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना ते मागाहून कळलं आणि त्या काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढं एकत्र आल्या, स्वतःही ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःच्या पायानं, स्वतःला पटल्यावर. एवढा मोठा कवी माणूस, त्याच्याही घरात हे झालं.

तुझी ॲसिडिटी ही दादाची डोकेदुखी आहे गं.

पप्पांचं तुला जास्त अवघड वाटतंय ते मला कळतं. माघातले पाचही रविवार जोतिबाला चालत खेटे घालणारा माणूस, आणि तुझा रविवार आता चर्चचा. लहानपणी तू पण जायचीस त्यांच्याबरोबर, सोमवारी क्लासला यायचीस तर चौकड्याच्या वहीत पानापानाला गुलाल सांडलेला असायचा, मी ओरडायचे. तेव्हा त्यांना हे सांगू नकोस की तुमचं चुकीचं होतं आणि मला आता खरं सापडलं. तसं वाटत असेल तरी पहिल्या दिवशी नको. तुला काय मिळालं ते सांग, आजारपणाचं सांग, त्यांना ते माहीतच नाही, तू डेंग्यू पण लपवलास. ते रागावतील, कदाचित ताटावरनं उठतील, म्हणतील कुणी फूस लावली, पैसे दिले का. तू आवाज चढवू नकोस. प्रश्न विचारले की उत्तर दे, येत नसेल तर येत नाही म्हण. जोतिबाला येणार का विचारतील, त्याचं उत्तर आधी ठरवून ये, बघू म्हणू नकोस, कारण बघूवर ते वर्षभर आशा लावून बसतील. बरोबर चालत डोंगरापर्यंत जाईन पण हात जोडणार नाही, असं असेल तर तसं सांग. माझ्या मते ते चालतील तुझ्याबरोबर.

सिस्टरना आजच सांग, तारीख पुढं ढकलायची आहे, घरी बोलल्याशिवाय नाही. त्यांनी समजून घेतलं तर तुला त्यांच्याबद्दलही काहीतरी कळेल, नाही घेतलं तरी कळेल.

पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघ, शनिवारी पहाटे कावळा नाक्यावर उतरशील. पप्पा तिसऱ्या शनिवारी घरी असतात. दुपारचं जेवण झाल्यावर बोल, सकाळी नको, सकाळी पाण्याची आणि कामाची गडबड असते. मी यावं असं वाटत असेल तर येते, पण बाजूला बसेन, बोलायचं तू. आई पहिल्यांदा चहा टाकायला उठेल, तिची ती सवय आहे. तेव्हाच सांग.

तुझ्या
मॅडम